धूळ, टर्बो आणि सिक्स बीटी : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात 5.9 लिटरच्या सहा सिलिंडर कमिन्स बी-सीरिज इंजिनाबद्दल लिहिलं होतं, आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला नुसतं ‘सिक्स बीटी’ म्हणतात ते. लोडर, कॉम्प्रेसर, क्रेन, जनरेटर, रोलर, जिथे रस्ता संपतो तिथे हे इंजिन कुठल्या ना कुठल्या मशीनवर सापडतंच. त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. काही पत्रं थोडी आखडती घेतली आहेत, राग मानू नये.

प्रश्न : सर, क्रशरवर जुना व्हील लोडर आहे, सिक्स बीटी इंजिन. 7 महिन्यांपूर्वी इंजिन पूर्ण बांधून घेतलं, पिस्टन, रिंगा, बेअरिंगा सगळं नवीन, सिलिंडरचे बोअर पण मारून घेतले. आता परत ब्रीदरमधून (इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडणारी नळी) भकाभक धूर येतोय, ऑईल खातंय, चढाला ताकद नाही. मेकॅनिक म्हणतो रिंगा डुप्लिकेट निघाल्या, दुकानदार म्हणतो मेकॅनिकनं बोअर नीट मारले नाहीत. खरं कुणाचं? – बार्शी

दादा, मला दोघांचाही दोष वाटत नाही, आणि इंजिन परत उघडायच्या आधी एक काम करा. एअर क्लीनरपासून टर्बोपर्यंत, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्यापर्यंत, जो रबरी पाईप जातो तो सोडवा, टर्बोच्या तोंडाशी पांढरं फडकं बोटाला गुंडाळून आतून फिरवा. फडकं कोरडं आणि मातकट झालं, चिमटीत घासून बघितल्यावर खरखर लागली, तर तुमचं इंजिन धूळ खातंय. मग रिंगा कितीही ओरिजिनल टाका, तेच होणार.

जरा हिशोब बघा. 1 लिटर डिझेल जाळायला टर्बो इंजिन 12 ते 15 हजार लिटर हवा ओढतं. तुमचा लोडर तासाला 10 लिटर खातो असं धरलं तर 8 तासात 80 लिटर, म्हणजे दिवसाला 10 ते 12 लाख लिटर हवा. दहा हजार लिटरचे शंभर-सव्वाशे टँकर होतील एवढी हवा रोज त्या एका पाईपातून जाते, आणि ती हवा क्रशरवरची! त्यातला हजारातला एक हिस्सा जरी फिल्टर चुकवून बाजूच्या फटीतून आत गेला तरी काय होईल विचार करा. ऑईलचा जो पातळ थर रिंग आणि बोअर यांच्यात असतो तो काही मायक्रॉनचाच असतो, आणि डोळ्याला न दिसणारी दगडाची भुकटी त्याच मापाची असते, त्यामुळे ती बरोबर मधे बसते आणि पॉलिश पेपरसारखी घासत राहते. आधी वरची रिंग जाते, मग बोअरचं वरचं टोक, मग कॉम्प्रेशन खाली घसरतं आणि ब्रीदर धूर सोडायला लागतो. ऑईलमध्ये उतरलेली तीच भुकटी मग बेअरिंगांपर्यंत पोचते.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका खाणीवरच्या मशीनचं इंजिन मी दीड वर्षात दोनदा बांधलं. दुसऱ्या वेळी हेड उतरवलं तर बोअरच्या वरच्या बाजूला नख अडकेल एवढी पायरी पडलेली, आणि टर्बोच्या कॉम्प्रेसर व्हीलची पाती पुढच्या धारेला कुरतडल्यासारखी झालेली. तेव्हा कुठे मी तो रबरी एल्बो हातात घेऊन नीट पाहिला. वरून नव्यासारखा होता. खालच्या बाजूला, जिथे तो ब्रॅकेटला घासत होता, तिथे ज्वारीच्या दाण्याएवढं भोक. आतून बघितलं तर त्या भोकापासून टर्बोच्या दिशेने धुळीची लांब शेपटी उमटलेली होती, शेंडेनक्षत्रासारखी. दोन्ही वेळा इंजिन आतून शंभर टक्के नवीन केलं होतं आणि दोन्ही वेळा तोच जुना एल्बो परत चढवला होता. त्या माणसाचे तेव्हाचे पैसे अजून माझ्या मनात सलतात, म्हणून हे एवढं लांबण लावलंय.

फटी कुठे शोधायच्या तेही सांगतो. एअर क्लीनर ते टर्बो एवढाच टप्पा ओढीचा, म्हणजे हवा आत खेचणारा. टर्बोच्या पुढे, इंटेककडे जाणाऱ्या पाईपात दाब असतो, तिथे फट पडली तर हवा बाहेर जाईल, ताकद कमी होईल, काळा धूर येईल, पण धूळ आत येणार नाही. म्हणून आधी ओढीच्या टप्प्यातला प्रत्येक होज, प्रत्येक क्लॅम्प, एअर क्लीनरच्या डब्याचा पत्रा (वेल्डिंगच्या कडेला चीर पडते), फिल्टरचं रबरी सील बसतं ती जागा, आणि काही मशीनवर त्याच पाईपातून ब्रेकच्या कॉम्प्रेसरला जाणारी बारीक नळी, हे सगळं काढून बघा. ती बारीक नळी सगळे विसरतात. क्लॅम्प पाना घालून एक आटा फिरवून सोडू नका, पूर्ण काढा, होज पुसा, वाकवून बघा, वाकवल्यावरच चिरा दिसतात.

शक्य असेल तर जुनं ऑईल थोडं बाटलीत घेऊन लॅबला पाठवा. रिपोर्टमध्ये सिलिकॉन आणि अॅल्युमिनियम दोन्ही चढलेलं दिसलं आणि सोबत लोखंडही, तर धूळ नक्की. फक्त सिलिकॉन चढलेलं असेल तर घाबरू नका, नव्यानं बांधलेल्या इंजिनात गास्केटला लावलेल्या पेस्टमुळेही तो आकडा वर येतो.

आधी फट सापडू दे, मगच रिंगांचा विषय. नाहीतर परत लाखभर मातीत जातील.

प्रश्न : आम्ही रोज संध्याकाळी एअर फिल्टर काढून कॉम्प्रेसरनं फुंकतो, तरी इंजिनवाले ओरडतात. रोज साफ करणं चूक कसं काय? – सांगोला

नियत चांगली आहे पण त्यानंच नुकसान होतंय. कागदी फिल्टर जसा थोडा भरत जातो तसा तो जास्त बारीक धूळ अडवतो, नवा कोरा असताना सगळ्यात कमी अडवतो, हे ऐकायला उलटं वाटेल पण खरं आहे. आणि दर वेळी डबा उघडला की आतल्या स्वच्छ बाजूला थोडी तरी धूळ सांडतेच, सील दर वेळी थोडं सैल बसतं, आणि पंक्चरवाल्याकडचा 8-10 बारचा झोत कागदाला डोळ्याला न दिसणारी भोकं पाडतो. टायरवर आपटून झाडणारेही आहेत, त्यांना तर हात जोडून सांगतो, बंद करा.

डब्यावर किंवा पाईपावर फिल्टर किती चोंदला ते दाखवणारा जो रिस्ट्रिक्शन इंडिकेटर असतो तो बघत चला. टर्बो इंजिनाला हवा ओढताना 25 इंच उंच पाणी वर ओढायला लागेल एवढ्या ओढीपर्यंत अडथळा चालतो, इंडिकेटर साधारण तिथेच लाल होतो. लाल झाला की बाहेरचा फिल्टर बदला. आतला छोटा सेफ्टी फिल्टर कधीही साफ करायचा नाही, बाहेरचे दोन-तीन बदलून झाले की तोही नवीनच टाकायचा. इंडिकेटर फुटलेला असेल तर आधी तो घ्या, फिल्टरच्या मानानं किरकोळ किमतीची वस्तू आहे. रोज काही करायचंच असेल तर डब्याच्या खालच्या रबरी चोचीला चिमटा काढून साठलेली धूळ पाडा. ती चोच तुटलेली किंवा कडक झालेली असेल तर प्री-क्लीनरनं (फिल्टरच्या आधी जाड धूळ वेगळी करणारा भाग) अडवलेली धूळ खाली पडत नाही आणि फिल्टर आठवड्यात भरतो.

प्रश्न : बंद करायच्या आधी टर्बोसाठी इंजिन किती वेळ चालू ठेवायचं? ऑपरेटर 20-25 मिनिटं ठेवतो, डिझेल जळतं. – राहुरी

3 ते 5 मिनिटं बास. टर्बोची दांडी मिनिटाला लाखभर फेरे फिरते आणि ती ऑईलच्या थरावर तरंगते, चावी फिरवली की ऑईल थांबतं पण दांडी अजून फिरत असते आणि घर तापलेलं असतं, म्हणून थोडा वेळ आयडलवर थंड होऊ द्यायचं. 20 मिनिटांनी उलट तोटा. आयडलवर सिलिंडर गार पडतो, डिझेल पूर्ण जळत नाही, न जळलेलं रिंगांवरून खाली उतरून ऑईल पातळ करतं. सकाळी चालू करतानाही तेच, मिनिटभर शांत चालू द्या, लगेच रेस करू नका, टर्बोपर्यंत ऑईल पोचायला तेवढा वेळ लागतो.

प्रश्न : नमस्कार, हार्वेस्टर आणि दोन बॅकहोंचा हिशोब मीच बघते. नवीन मशीन घ्यायचंय. सगळे म्हणतात जुनी मेकॅनिकल पंपाची इंजिनं अमर, नवीन इलेक्ट्रॉनिक म्हणजे डोकेदुखी. आमच्या तालुक्यातच इंजिनाचा कारखाना आहे, तरी मनात शंका येते. – फलटण

ताई, तुमच्या शेजारचा टाटा कमिन्सचा कारखाना याच बी-सीरिजच्या घराण्यातली इंजिनं करतो. 1993 मध्ये ही भागीदारी झाली, पहिला कारखाना जमशेदपूरला, फलटणचा नंतरचा. कमिन्स पुण्यात आली ती त्याच्याही आधी, 1962 मध्ये, किर्लोस्करांबरोबर. सांगायचा मुद्दा असा की आपल्या भागात या इंजिनांची जाण असलेली माणसं आणि पार्ट जवळ आहेत, आणि मशीन उभं राहिल्यावर हीच गोष्ट सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

आता जुनी इंजिनं एवढी का टिकली. त्यात जादू नाही. कॅमशाफ्ट आणि पंप गिअरवर चालतात, बेल्ट किंवा चेन तुटायचा प्रश्नच नाही. सहा सिलिंडर एका ओळीत, सात मेन बेअरिंगा, 102 मिलिमीटरचा बोअर आणि 120 मिलिमीटरचा स्ट्रोक, म्हणजे ताकद खालच्या फेऱ्यांवर मिळते, 2,200-2,500 च्या वर पळवायची गरजच पडत नाही. पिस्टनच्या खालून ऑईलचा फवारा मारून त्याला थंड ठेवतात. आणि चालू राहायला वीज लागते ती फक्त डिझेल बंद करणाऱ्या सोलेनॉइडपुरती. हे इंजिन अमेरिकेत आधी ट्रॅक्टर आणि खोदाईच्या मशीनसाठी बनवलं, 1980 च्या दशकाच्या सुरवातीला, आणि मग 1989 मध्ये डॉजच्या पिकअपमध्ये गेलं. म्हणजे ते मुळात शेतात आणि खाणीत कामाला जाणार हे धरूनच बनवलं होतं.

पण नवीन घ्यायचं तर तुम्हाला निवड फारशी उरलेली नाही. चाकांवर चालणाऱ्या बांधकाम मशीनना एप्रिल 2021 पासून धुराच्या नियमांची सीईव्ही स्टेज चार आणि जानेवारी 2025 पासून स्टेज पाच लागू आहे, त्यामुळे बॅकहो नवा म्हणजे कॉमन रेल (जास्त दाबाची, इलेक्ट्रॉनिक डिझेल यंत्रणा), सेन्सर आणि धुराच्या वाटेवर काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर हे येणारच, मोठ्या इंजिनाला धूर साफ करायचं युरियाचं पाणी, म्हणजे डीईएफसुद्धा. माझं स्पष्ट मत सांगतो, नव्या इंजिनाचं लोखंड कमजोर नाहीये, त्याला घाण डिझेल सहन होत नाही एवढंच. जुन्या पंपाचा दाब काही शे बारचा, कॉमन रेलचा 1,600 बार आणि त्याहून वर, इंजेक्टरमधल्या फटी दोन-तीन मायक्रॉनच्या. कॅनमधून, बॅरलमधून, गंजलेल्या डब्यातून चाळणीशिवाय डिझेल ओतायची सवय जुन्या इंजिनानं चालवून घेतली, नवं घेणार नाही. म्हणून मशीनसोबत एका चांगल्या फिल्टरवाल्या हातपंपाचे पैसे आजच हिशोबात धरा. टाकी रोज संध्याकाळी भरून ठेवा, अर्धी रिकामी राहिली तर रात्री आत दव धरतं आणि सकाळी खाली पाणी. वॉटर सेपरेटरचा नळ रोज उघडून थोडं सोडायचं, कपभर काचेच्या बाटलीत घेतलं तर पाणी लगेच वेगळं दिसतं. डीईएफ सीलबंद कॅनचंच वापरा, त्यात 32.5 टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असतं, शेतातला युरिया घरी कालवून ओतणारे भेटतात मला, त्यांची दुरुस्ती डीईएफच्या दहा वर्षांच्या खर्चापेक्षा मोठी निघते. आणि डीपीएफला तापायला लोड लागतो, दिवसभर नुसतं आयडलवर ठेवलं तर तो चोंदणार.

तुम्ही स्वतः हिशोब ठेवता म्हणून एक सुचवतो. इंजिनाचं वय तासांवर तर लिहाच, पण लिटरवरही लिहा. 100 हॉर्सपॉवर पूर्ण लोडवर चाललं तर तासाला साधारण 18-19 लिटर डिझेल जातं, हलक्या कामाला त्याच्या निम्मंही नाही. म्हणून कुणी म्हणालं ‘याचं इंजिन 10 हजार तास जातं’ तर विचारायचं, कुठल्या कामावर? खडक फोडणाऱ्या मशीनचे 10 हजार तास आणि माती ओढणाऱ्याचे 10 हजार तास यात जमीनअस्मानाचा फरक आहे. आतापर्यंत किती डिझेल पोटात गेलं, हा आकडा इंजिनाची झीज जास्त खरी सांगतो. कंपन्याही बी-टेन लाइफ म्हणतात ते असंच सरासरीचं माप असतं, शंभरातल्या दहा इंजिनांना काम निघेपर्यंतचे तास. तुमचं इंजिन त्या दहात असेल की नव्वदात, ते हवा, पाणी आणि डिझेलवर ठरणार.

प्रश्न : उन्हाळ्यात इंजिन तापत होतं म्हणून मेकॅनिकनं थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकला. तरी तापतंच आहे. रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी घालतो. – चंद्रपूर

थर्मोस्टॅट आजच्या आज परत बसवा. या इंजिनात थर्मोस्टॅट नसला की पाण्याला रेडिएटरमधून जाण्यापेक्षा बायपासचा जवळचा रस्ता सोपा पडतो, ते फिरून फिरून परत पंपात येतं, थंड होतच नाही. म्हणजे काढल्यानं तापणं वाढू शकतं, आणि थंडीच्या सकाळी उलट इंजिन गार राहून बोअर झिजतं, दोन्हीकडून मार.

खरं कारण बहुतेक बोअरवेलचं पाणी. जड पाण्यातला क्षार तापून हेडच्या आत पांढऱ्या खडूसारखा चिकटतो, चहाच्या भांड्याला बसतो तसाच, आणि मग लोखंडाची उष्णता पाण्यात उतरतच नाही. तयार मिसळलेलं कूलंट घ्या, नाहीतर डिस्टिल्ड पाण्यात कूलंट मिसळा, निम्मं निम्मं. सिक्स बीटीला लायनर नसतात, बोअर ब्लॉकमध्येच कापलेले असतात, पण तुमच्या दुसऱ्या मशीनवर 8.3 लिटरचं सी-सीरिज असेल तर जास्त जपा, त्याला ओले लायनर आहेत. कूलंटमधलं अॅडिटिव्ह संपलं की लायनरच्या थरथरीनं पाण्यात बारीक बुडबुडे होऊन फुटतात आणि बाहेरून सुई टोचल्यासारखी भोकं पडत जातात, शेवटी पाणी ऑईलमध्ये. त्या आधी रेडिएटरच्या जाळीत बाहेरून अडकलेला कचरा मात्र मागून पुढे झोत मारून काढा, कधी कधी एवढ्यानंच भागतं.

प्रश्न : मी डॅलसला असतो, शेतघरासाठी 1997 चा डॉज रॅम 12 व्हॉल्व्ह कमिन्सवाला घ्यायचा विचार आहे. 3 लाख मैल झालेत. वेडेपणा आहे का? – टेक्सास

अजिबात नाही. 1994 ते 1998 मधल्या या गाड्यांना बॉशचा इनलाइन पी-पंप, म्हणजे मेकॅनिकल डिझेल पंप आहे, आणि 3 लाख मैल या इंजिनाला नीट सांभाळलं असेल तर फार नाहीत. गाडीचा पत्रा आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आधी थकतो, तो जास्त तपासा. इंजिनात एकच गोष्ट आवर्जून विचारा. पुढच्या गिअरच्या डब्यामागे ब्लॉकमध्ये एक छोटी पोलादी डॉवेल पिन दाबून बसवलेली असते, ती थरथरीनं हळूहळू बाहेर सरकते, आणि एखाद्या दिवशी गिअरांच्या मधे पडली तर डबा फुटतो, वेळ वाईट असेल तर सगळंच जातं. तिकडचे लोक तिला ‘किलर डॉवेल पिन’ म्हणतात. शेजारच्या बोल्टखाली एक छोटी पट्टी बसवून ती कायमची अडवता येते. आधीच्या मालकानं हे केल्याचं बिल असेल तर उत्तम, नसेल तर पुढचं ऑईल सील बदलायला कव्हर उघडाल तेव्हा त्याच खेपेला करून घ्या. व्हॉल्व्हचं क्लिअरन्स थंड इंजिनावर इंटेकला 0.25 आणि एक्झॉस्टला 0.50 मिलिमीटर, एका सुट्टीच्या सकाळी घरीच होईल.

प्रश्न : मी ऑपरेटर आहे, मालक नाही. रस्त्याच्या कामावर ग्रेडर चालवतो. मालक फिल्टर आणून देत नाही, म्हणतो फुंकून चालव. इंजिन बसलं की बोलणी मला. काय करू? – अंबाजोगाई

भाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मशीनवर 10 तास तुम्ही बसता, आवाज बदललेला पहिल्यांदा तुम्हाला कळतो, आणि तुमच्याच शब्दाला किंमत नाही, हे फार ठिकाणी बघितलंय.

पैसे न लागणारी कामं आधी. आठवड्यातून एकदा ओढीच्या पाईपाचे सगळे क्लॅम्प तपासा, रबरी चोच रोज दाबा, धुळीत दुसऱ्या मशीनच्या अगदी मागे चालवू नका, वाऱ्याची बाजू धरा. एक वही करा, तारीख, तासांच्या मीटरचा आकडा, ऑईल किती टाकलं, फिल्टर कधी फुंकला, इंडिकेटर लाल होता का, एवढंच लिहा आणि मालकाला मोबाईलवर फोटो पाठवत जा, म्हणजे पुढे कुणी बोललं तर तुमच्याकडे तारखेसकट लिहिलेलं असेल. आणि मालक साईटवर येईल त्या दिवशी इंजिन बंद करून त्याच्यासमोर टर्बोकडचा पाईप काढा, पांढऱ्या रुमालानं आतून पुसा आणि तो रुमाल त्याच्या हातात द्या.